मेंटल हेल्थ नर्सिंगची एम.एस्सी.: कॉलेजच्या आधी वॉर्ड बघा

प्रश्न: मी बी.एस्सी. नर्सिंग झाले आहे. गेलं दीड वर्ष मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. आता एम.एस्सी. करायची आहे आणि मेंटल हेल्थ नर्सिंग घ्यावं असं मनात आहे. माझे मामा बरीच वर्षं स्किझोफ्रेनियाने आजारी होते, त्यामुळे या विषयाची ओढ आहे. घरचे म्हणतात, वेड्यांच्या इस्पितळात जाऊन काय करणार? वॉर्डातल्या सीनियर सिस्टर म्हणतात, मेडसर्ज (मेडिकल सर्जिकल) घे, सायकियाट्रीवाल्यांना नोकऱ्या नाहीत. मला तीन गोष्टी कळत नाहीत: अभ्यासात नेमकं काय असतं, कॉलेज कसं निवडायचं, आणि पेशंट अंगावर धावून आला तर काय करायचं? बी.एस्सी.ला सायकियाट्रीची पोस्टिंग झाली तेव्हा आम्ही बऱ्याच मुली घोळक्याने फिरलो, त्यातून फारसं हाती लागलं नाही. शिवाय धाकटी बहीण यंदा बारावीला आहे. परदेशात बारावीनंतर थेट मेंटल हेल्थ नर्सिंगची डिग्री मिळते असं तिने कुठेतरी वाचलं. इथे तसं आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर: सीनियर सिस्टरांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं नीट समजून घेतल्याशिवाय फॉर्म भरू नका. एम.एस्सी. नर्सिंगच्या पाच शाखा आहेत: मेडिकल सर्जिकल, कम्युनिटी, ओबीजी (प्रसूती व स्त्रीरोग), पेडियाट्रिक (बालरोग) आणि सायकियाट्रिक म्हणजेच मेंटल हेल्थ. कोणतीही घेतली तरी या पदवीचा मुख्य रस्ता शिकवण्याकडे जातो. सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्सच्या पदावर एम.एस्सी. झालेली आणि न झालेली दोघी एकाच पाळीत एकाच वॉर्डात असतात. नर्सिंग कॉलेजात मात्र प्रत्येक बी.एस्सी. विद्यार्थिनीला मेंटल हेल्थ नर्सिंग शिकावंच लागतं, म्हणजे ते शिकवणाऱ्या ट्यूटर आणि लेक्चररही प्रत्येक कॉलेजला लागतात. मेडसर्जच्या जागा जास्त असतात, पण उमेदवारही तितकेच जास्त. सायकियाट्री घेणाऱ्या मुली कमी असतात. तेव्हा ‘नोकऱ्याच नाहीत’ हे चूक. ‘बेडसाइडला राहून पगार वाढेल’ ही अपेक्षा असेल, तर तीही चूक.

म्हणून आधी ठरवा, तुम्हाला शिकवायचं आहे की पेशंटजवळ राहायचं आहे. पेशंटजवळच राहायचं असेल, तर सायकियाट्रिक नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा जास्त उपयोगाचा आहे. त्यात नर्सिंग एज्युकेशन, मॅनेजमेंट, प्रबंध यांचं एम.एस्सी.इतकं ओझं नसतं आणि जवळपास सगळं वर्ष वॉर्डातच जातं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीममध्ये मानसोपचार परिचारिकेचं पद असतं. प्रादेशिक मनोरुग्णालयं, व्यसनमुक्ती केंद्रं, मोठ्या हॉस्पिटलांचे मानसोपचार विभाग इथेही या डिप्लोम्याचा उपयोग होतो. दोन्ही हवं असेल, शिकवायचंही आणि वॉर्डही सोडायचा नसेल, तर मग एम.एस्सी. करा. तुमच्या पत्रावरून तुम्ही या तिसऱ्या गटातल्या वाटता, म्हणून पुढचं सगळं एम.एस्सी.ला धरून लिहितो.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी स्पेशालिटीचे 150 तास थिअरी आणि 650 तास प्रॅक्टिकल आहे. दुसऱ्या वर्षी 150 तास थिअरी आणि 950 तास प्रॅक्टिकल. म्हणजे मेंटल हेल्थचे 1,600 तास प्रत्यक्ष पेशंटमध्ये. आठ तासांची पाळी धरली तर दोनशे दिवस होतात. उरलेल्या वेळात पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, अॅडव्हान्स नर्सिंग प्रॅक्टिस आणि रिसर्च व स्टॅटिस्टिक्स, तर दुसऱ्या वर्षी मॅनेजमेंट आणि प्रबंध. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्यापूर्वी प्रॅक्टिकलची हजेरी 100 टक्के भरावी लागते. आजारपणात बुडलेले दिवस नंतर भरून द्यावे लागतात. नोकरी सांभाळून ही पदवी करता येईल असं कुणी सुचवलं, तर त्या कॉलेजापासून दूरच राहा.

हे दोनशे दिवस कुठे जाणार, यावर सगळं अवलंबून आहे. महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. बऱ्याच कॉलेजांच्या स्वतःच्या हॉस्पिटलात मानसोपचाराच्या खाटा मोजक्याच असतात, मग पोस्टिंगसाठी यांपैकी कुठेतरी पाठवतात. कॉलेज सांगलीत आणि पोस्टिंग पुण्यात असेल तर राहण्याजेवणाचा खर्च कोणाचा, किती आठवडे, बरोबर शिकवणारी टीचर येणार की नुसतं पत्र देऊन पाठवणार, हे प्रवेशाआधी विचारा. टीचर येत नसेल तर बी.एस्सी.ला झालं तेच होईल. एकाच पेशंटची हिस्टरी सकाळी एका कॉलेजच्या मुली घेतात, दुपारी दुसऱ्या. तिसऱ्या दिवशी तो पेशंट पाठ केल्यासारखी उत्तरं देऊ लागतो, आणि त्या उत्तरांवर केस प्रेझेंटेशन होतं.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत, स्मार्ट क्लासरूम, कॅन्टीन यांत वेळ घालवू नका. सध्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीला गाठा आणि तिची लॉगबुक बघायला मागा. अॅक्यूट वॉर्ड, क्रॉनिक वॉर्ड, ओपीडी, इमर्जन्सी, व्यसनमुक्ती, चाइल्ड गायडन्स, फॅमिली युनिट, रिहॅबिलिटेशन, कम्युनिटी या सगळ्या ठिकाणच्या तारखा आणि सह्या तिथे असायला हव्यात. चाइल्ड गायडन्स आणि फॅमिली युनिटची पानं कोरी असतील, किंवा सगळ्या सह्या एकाच पेनाच्या एकाच दिवशीच्या दिसल्या, तर काय ते समजा. तिला हेही विचारा, की गाईड कॉलेजात पूर्णवेळ आहेत की तपासणीच्या वेळीच दिसतात. आयएनसीची (इंडियन नर्सिंग कौन्सिलची) मान्यता आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता ही याच शाखेसाठी आणि याच वर्षासाठी आहे ना, ते स्वतः तपासा. एखाद्या कॉलेजला मेडसर्जची परवानगी असते आणि सायकियाट्रीची नसते.

महाराष्ट्राबाहेरचा विचार करत असाल तर बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचं नाव पहिलं येतं, आणि ते रास्तही आहे. मानसोपचार, न्यूरॉलॉजी, बालमानसोपचार, व्यसनमुक्ती, पुनर्वसन हे सगळं एका आवारात असलेल्या संस्था देशात फार नाहीत. प्रवेश परीक्षा अवघड, जागा थोड्या. एक अडचण मात्र कुणी सांगत नाही: भाषा. आयसीयूत भाषा येत नसली तरी मॉनिटर बघून बरंच काम भागतं. इथे पेशंटशी बोलणं हीच तपासणी आणि तोच उपचार. कन्नड येत नसेल तर पहिले चार-सहा महिने दुभाष्यावर काढावे लागतात. भाषा शिकायची तयारी असेल तर जरूर जा. नसेल तर मराठी-हिंदी पेशंट असलेलं चांगलं हॉस्पिटल निवडा, त्यात काही कमीपणा नाही.

आता अभ्यासाचं. दोन कामं तुमचा सगळ्यात जास्त वेळ खातील: मेंटल स्टेटस एक्झामिनेशन (पेशंटच्या मनःस्थितीची तपासणी), म्हणजे सगळे म्हणतात ती एमएसई, आणि प्रोसेस रेकॉर्डिंग.

एमएसईचे मथळे तुम्हाला बी.एस्सी.पासून पाठ असतील: दिसणं-वागणं, बोलणं, मूड आणि अफेक्ट (चेहऱ्यावर दिसणारी भावना), विचार, संवेदन, कॉग्निशन (लक्ष, स्मरण, आकलन), इनसाइट (आपण आजारी आहोत याची जाण). मार्क जातात ते मथळे विसरल्यामुळे नव्हे, त्याखाली निष्कर्ष लिहिल्यामुळे. ‘पेशंट उदास आहे’ हे निरीक्षण नाही. मूडखाली पेशंटचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हात: “काहीच नको वाटतं, जेवणाची चवच गेली.” अफेक्टखाली तुम्ही जे पाहिलं ते: नजर खाली, बोलताना चेहरा हलत नाही, मुलाचं नाव निघालं तेव्हा डोळे भरले. संशयाचे विचार असतील तर ‘पर्सिक्युटरी डिल्यूजन’ (आपला छळ होतोय असा ठाम भ्रम) असं थेट लिहू नका. आधी त्याचं वाक्य लिहा, मग तुम्ही उलट काय विचारलंत ते, त्यावर तो कितपत ठाम राहिला ते, आणि शेवटी नाव. परीक्षक नावावर नाही, त्याच्या आधीच्या तीन ओळींवर प्रश्न विचारतात.

कॉग्निशन तपासताना पेशंटचं शिक्षण बघून प्रश्न बदलायचे. शंभरातून सात-सात वजा करायला चौथीपर्यंत शिकलेल्या शेतमजुराला सांगितलंत, तर तुम्ही त्याचं लक्ष नाही, शाळा तपासत आहात. त्याला चाळीसातून तीन-तीन वजा करायला सांगा, तेही जड गेलं तर वीसपासून उलटे आकडे किंवा आठवड्याचे वार उलटे म्हणायला. आकडे पुनरुच्चारायला सांगताना सेकंदाला एक अंक, सपाट आवाजात. फोन नंबर सांगतो तसे दोन-दोन जोडून म्हटलेत तर चाचणी सोपी होते आणि निकाल खोटा येतो. अमूर्त विचारासाठी पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजी म्हणींचं भाषांतर करू नका. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणजे काय, असं विचारा. “अंगण नीट सारवलेलं नसेल, तर पाय अडखळणारच” असं उत्तर आलं तर ते ठोस विचाराचं लक्षण असू शकतं. मात्र त्याने ती म्हण कधी ऐकली आहे का, हे आधी विचारून घ्या.

इथेच आणखी एक जागा आहे, जिथे हुशार विद्यार्थिनीही फसतात. “माझ्यावर करणी केली आहे”, “अंगात येतं”, “बाहेरची बाधा आहे” ही वाक्यं ऐकली की त्या लगेच डिल्यूजन लिहून मोकळ्या होतात. विचारायचं असतं ते नातेवाइकांना. घरातले आणि गावातले लोकही तेच मानतात का? अंगात येणं जत्रेत, आरतीला, ठरावीक वेळी होतं आणि नंतर बाई आपल्या कामाला लागते का? की घरच्यांनाही तिचं बोलणं आता अनोळखी वाटू लागलंय, झोप गेलीय, शेतात जाणं बंद झालंय? जवळपास सगळा समाज जे मानतो, ते एकट्या पेशंटचं डिल्यूजन होत नाही. अंधश्रद्धा वाईट असते, हे तुमचं मत वेगळं आणि ते केस फाइलमध्ये लिहायचं नसतं.

प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचं संभाषण शब्दशः उतरवणं: पेशंट काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, त्या वेळी दोघांच्या हालचाली काय होत्या, तुम्ही कोणतं तंत्र वापरलंत आणि ते जमलं की फसलं. पेशंटसमोर वही उघडून लिहू नका, विशेषतः तो संशयी असेल तर. बोलणं झाल्यावर नर्सिंग स्टेशनवर येऊन लगेच खुणेचे शब्द टिपा, त्याच दिवशी संध्याकाळी पूर्ण करा. दुसऱ्या दिवसावर ढकललंत की तुमची स्वतःची वाक्यं आपोआप सुधारलेली उतरतात आणि त्याचा काही उपयोग राहत नाही. फसलेलं वाक्य आहे तसं लिहा, शिकायचं त्यातूनच आहे.

एक नमुना. पेशंट म्हणतो, “शेजारचे माझ्या पाण्यात काहीतरी टाकतात.” विद्यार्थिनी म्हणते, “असं काही नसतं काका, तुमचा भास आहे, टेन्शन घेऊ नका.” यात वाद आहे, खोटा दिलासा आहे आणि विषय संपवण्याची घाई आहे. पेशंट गप्प होतो किंवा तुम्हालाही शेजाऱ्यांच्या बाजूला टाकतो. “हो ना, लोक वाईटच असतात” म्हटलंत तर संशयाला तुम्ही खतपाणी घातलंत. जमणारं उत्तर असं: “म्हणजे पाणी प्यायचीही भीती वाटत असेल. आज सकाळपासून किती प्यायलात?” भीती मान्य केली, कारण मान्य केलं नाही, आणि नर्स म्हणून जे कळायला हवं होतं, म्हणजे पाणी पोटात जातंय की नाही, ते विचारलं. सीलबंद बाटली त्याच्या हाताने उघडायला देणं हा त्या दिवसाचा केअर प्लॅन झाला.

आयसीयूचं दीड वर्ष वाया गेलं असं मुळीच समजू नका. मनोरुग्णालयात शारीरिक आजार हातून निसटतात, कारण सगळ्यांचं लक्ष वागण्याकडे असतं. दारू सोडलेल्या पेशंटला पहिल्या 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते आणि 48 ते 96 तासांत डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे थरथरीसह येणारी तीव्र भ्रमावस्था. थरथर, घाम, वाढलेली नाडी, भिंतीवर किडे दिसणं हे ‘वेड’ नाही, ती इमर्जन्सी आहे. ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) का, हे तुम्ही वॉर्डातल्या इतरांना सांगू शकाल. अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरचं औषध) चालू असलेल्याला ताप, शिशासारखे ताठ हातपाय आणि गोंधळ दिसला तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमचा, म्हणजे याच औषधांच्या जीवघेण्या दुष्परिणामाचा, विचार करून ती गोळी थांबवण्याबद्दल डॉक्टरांना तातडीने फोन करायचा असतो. लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी काढायची. उपचाराची पातळी साधारण 0.6 ते 1.2 मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर, आणि 1.5 च्या वर विषबाधेची भीती. उन्हाळ्यात शेतात घाम गाळणारा पेशंट, जुलाब झालेला पेशंट, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घेणारा पेशंट, या तिघांत तीच गोळी जास्त चढते. क्लोझापिन हे अँटिसायकोटिक घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी पहिले 18 आठवडे दर आठवड्याला बघतात. पण बद्धकोष्ठता रोज विचारा, तिने आतडं बंद पडून जीव जाऊ शकतो. आणि हा पेशंट बिडी ओढणारा असेल, वॉर्डात आल्यावर बिडी सुटली असेल, तर त्याच डोसवर रक्तातली पातळी वाढते, कारण धुरातले घटक यकृतात औषधाचा निचरा वेगाने घडवत होते. तंबाखू मळून खाणाऱ्यात असं होत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 व्हायव्हापुरता पाठ करू नका. रात्रपाळीत तोच उपयोगी पडतो. स्वतःहून दाखल झालेला पेशंट डिस्चार्ज मागतो तेव्हा त्याला कोंडून ठेवता येत नाही. ठरावीक कारणांसाठी तपासणी करायला जास्तीत जास्त 24 तास थांबवता येतं. नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे बहुतेकदा नातेवाइकाच्या, अर्जावर झालेली भरती 30 दिवसांपर्यंतची, पुढे वेगळी प्रक्रिया. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी (विजेच्या झटक्यांचा उपचार) द्यायला बंदी आहे. एकांतकोठडीला पूर्ण बंदी. बांधून ठेवणं कलम 97 प्रमाणे फक्त तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, आणि प्रत्येक वेळी 24 तासांत प्रतिनिधीला कळवून. स्टाफ कमी आहे हे बांधण्याचं कारण होऊ शकत नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो. हे वाक्य लक्षात ठेवा. एखाद्या रात्री चाळीस पेशंटमागे दोन सिस्टर असतील आणि कुणीतरी म्हणेल, “बांधून टाका, सकाळी सोडू.”

अंगावर धावून येण्याची भीती रास्त आहे, पण चित्रपटात दिसतं तसं अचानक ते क्वचितच होतं. आधी चिन्हं असतात: येरझाऱ्या, आवळलेल्या मुठी, चढता आवाज, एकाच गोष्टीची पुनःपुन्हा मागणी, किंवा एरवी बोलका माणूस एकदम गप्प. ड्यूटीवर ओढणी, लोंबते कानातले, गळ्यात लांब साखळी नको, आयडी कार्डची दोरी ओढल्यावर सुटणारी हवी. मोकळे केस नकोत. बोलायला बसताना तुम्हाला आणि पेशंटला, दोघांनाही दार मोकळं राहील अशी खुर्ची ठेवा. समोरासमोर उभं न राहता किंचित तिरकं, हाताच्या अंतरापलीकडे. आवाज त्याच्यापेक्षा खालचा, वाक्यं छोटी, एका वेळी एकच जण बोलणार. पाठ फिरवू नका. एकटीने धरायला जाऊ नका, आधी मदतीला हाक. हल्ल्यामागे बहुतेकदा काहीतरी नाकारलं गेलेलं असतं: फोन, बिडी, घरी जाणं. ‘नाही’ सांगायचंच असेल तर कारण आणि पुढची वेळ सांगा: “आत्ता फोन नाही देता येत, पाच वाजता माझ्यासमोर करा.” आणि पाच वाजता खरंच करू द्या. वचन मोडणारी सिस्टर वॉर्डात सगळ्यात असुरक्षित असते.

बांधावंच लागलं तर तुमचं काम तिथे संपत नाही, सुरू होतं: दर 15 मिनिटांनी बोटांचा रंग आणि गारवा, ठरावीक वेळाने एकेक हातपाय सोडून हलवणं, पाणी, लघवी, आणि प्रत्येकाची वेळेसह नोंद. सुटल्यावर त्याच्याशी त्या प्रसंगाबद्दल बोलणं हाही उपचाराचा भाग आहे, आणि नेमका तोच राहून जातो.

आत्महत्येबद्दल थेट विचारायला शिका. “जीव द्यावासा वाटतो का?” असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसत नाही, उलट पेशंटला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर पुढे: कसं, कधी, साधन हाताशी आहे का. ग्रामीण भागात हे साधन म्हणजे घरातलं कीटकनाशक. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांना औषधांची चिठ्ठी समजावताना, फवारणीचा डबा कुलपात ठेवा किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा, हेही तितक्याच ठामपणे सांगायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच कागदावर लिहून द्या.

मामांबद्दल. ही ओढ चांगली आहे, ती कुणी कमी लेखू नये. पण वॉर्डात त्यांच्या वयाचा, त्यांच्यासारखं हसणारा पेशंट आला की तुम्ही त्याच्यासाठी जास्तीचं काहीतरी करू लागाल: डब्यातलं देणं, सुट्टीच्या दिवशी भेटणं, आपला मोबाइल नंबर देणं. किंवा औषध नाकारणाऱ्या पेशंटवर तुम्ही इतर कुणापेक्षा जास्त चिडाल, कारण मामांनीही ते नाकारलं असेल. असं झालं की ते प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये लिहा आणि सुपरव्हिजनला गाईडसमोर काढा. पहिल्याच आठवड्यात गाईडना घरच्या आजाराबद्दल सांगून ठेवा. झोप उडाली, वॉर्ड डोक्यातून जाईना असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर स्वतः मदत घ्या. घरच्यांना समजावायला लांब भाषणाची गरज नाही. मामांच्या आजारपणात औषधं, फॉर्म, फेऱ्या हे सगळं समजावून सांगणारी एक सिस्टर भेटली असती तर काय फरक पडला असता, एवढंच आईला विचारा.

प्रबंधाने मुली अडकतात, म्हणून आत्ताच सांगतो. प्रस्ताव पहिल्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर आणि पूर्ण प्रबंध दुसऱ्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर द्यायचा असतो. मधल्या बारा महिन्यांतले कितीतरी परवानग्यांत जातात: कॉलेजची एथिक्स कमिटी, हॉस्पिटलचे अधीक्षक, कधी त्यांच्यावरचं कार्यालय. दाखल पेशंटवर अभ्यास करायचा असेल तर त्यांची समजून-उमजून दिलेली संमती लागते, आणि जो संमती देण्याच्या स्थितीत नाही त्याच्यासाठी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी. पहिल्या प्रबंधासाठी हे झेपत नाही. नातेवाईक, ओपीडीतले स्थिर पेशंट, किंवा जिल्हा कार्यक्रमाच्या तालुका भेटींना येणारे लोक हा नमुना निवडा. ‘अमुकविषयीच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता’ हा साचा टाळा. शिकवल्यानंतर लगेच मार्क वाढतात, यात सिद्ध काय होतं? त्यापेक्षा औषधं का सुटतात, काळजी घेणाऱ्या बायकोवर कोणता भार जास्त पडतो, असे प्रश्न घ्या. इंग्रजी स्केल (मोजमापाची प्रश्नावली) वापरणार असाल तर मूळ कर्त्याची परवानगी, मराठी भाषांतर, दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत उलटं भाषांतर, मग दहाएक जणांवर पायलट. याला सहज तीन महिने लागतात. आधीच प्रमाणित मराठी भाषांतर उपलब्ध असलेलं स्केल मिळालं तर तेच घ्या.

बहिणीचा प्रश्न सोपा आहे. तिने वाचलं ते ब्रिटनबद्दल असावं. तिथे तीन वर्षांच्या नर्सिंग पदवीला प्रवेश घेतानाच अडल्ट, चाइल्ड, लर्निंग डिसॅबिलिटी किंवा मेंटल हेल्थ यांपैकी शाखा निवडतात आणि एकूण 4,600 तासांपैकी निम्मे प्रत्यक्ष कामाचे असतात. आपल्याकडे बारावीनंतर तशी वेगळी पदवी नाही. चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग सगळ्यांना सारखी, त्यातच मेंटल हेल्थचे पेपर आणि पोस्टिंग, मग डिप्लोमा किंवा एम.एस्सी. परदेशी विद्यार्थ्यांची फी बघता, फक्त शाखा लवकर मिळावी म्हणून बारावीनंतर तिकडे धाडण्यात अर्थ नाही. बी.एस्सी. करू द्या, नोंदणी होऊ द्या, पुढचं तेव्हा बघा.

तुमच्यासाठी आत्ता करायची कामं: एम.एस्सी.ला बी.एस्सी.चे किमान 55 टक्के आणि त्यानंतरचा एक वर्षाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. पण अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची तारीख, पद, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख आणि हॉस्पिटलचा शिक्का हवा. ‘चांगलं काम केलं’ एवढंच लिहिलेला दाखला चालत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे का ते बघा, नूतनीकरण बाकी असेल तर या महिन्यात उरका. राजीनामा प्रवेश पक्का झाल्यावरच द्या, आणि नोटीस किती दिवसांची आहे ते नेमणूकपत्रात आजच वाचून घ्या. मूळ कागदपत्रं हॉस्पिटलने ठेवून घेतली असतील, तर ती परत मिळवायला सगळ्यात जास्त वेळ जातो, त्याची सुरुवात आधी करा.